परिपत्रकातील एक वाक्य

संगणकावरील फसवणुकीविषयी सर्वसाधारणपणे जे बोलले जाते, त्यात फसलेल्या माणसाचा लोभ आणि त्याचे अज्ञान या दोन गोष्टी आधीच गृहीत धरलेल्या असतात. परदेशातील कोणा दिवंगत सेनाधिकाऱ्याची अपार संपत्ती आपल्या नावे होणार आहे, किंवा कधी न काढलेल्या तिकिटाला कोट्यवधींची सोडत लागली आहे, असे सांगणारी पत्रे पूर्वी पुष्कळ येत असत आणि त्यांवरूनच ही समजूत रूढ झाली असावी. परंतु एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात मेलची व्यवस्था पाहण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि त्या काळात पासवर्ड काढून घेणारी जी पत्रे माझ्या नजरेखालून गेली, त्यांपैकी ज्यांनी आपला हेतू खरोखर साधला त्या पत्रांत लोभाचा मागमूसही नव्हता. मेलबॉक्स भरला आहे, तो मोकळा करा. आपल्या खात्याची पडताळणी प्रलंबित आहे, ती आज कार्यालयीन वेळेत पूर्ण करा. लेखापरीक्षकांनी मागितलेला तक्ता सोबत जोडला आहे, तो पाहून त्वरित अभिप्राय कळवा, अशी त्यांची भाषा. जो कर्मचारी टेबलावर कागद साचू देत नाही, ज्याच्या नावे कधी स्मरणपत्र काढावे लागलेले नाही, वरून आलेल्या हुकमाची तामिली जो त्याच दिवशी करतो आणि ज्याच्या भरवशावर खातेप्रमुख निर्धास्तपणे रजेवर जातात, असा मनुष्य या पत्रांच्या जाळ्यात सर्वांत आधी सापडतो. नोकरीतील सद्गुणच माणसाला अशा रीतीने घातक ठरावा, ही गोष्ट मला नेहमीच फार क्लेशदायक वाटत आली आहे.

कागदी टपालाच्या काळात पत्राच्या खरेपणाची साक्ष देणाऱ्या अनेक गोष्टी पत्राबरोबरच येत. जावक क्रमांक, कार्यालयाचा गोल शिक्का, ओळखीची सही, ते आणून देणारा शिपाई, आणि बारनिशीत त्याची झालेली नोंद, यांपैकी एखाददुसरी गोष्ट चुकली तरी अनुभवी कारकुनाच्या मनात शंका उभी राही. शिवकालीन पत्रांत तर मजकुराच्या शिरोभागी राजमुद्रा आणि मजकूर जेथे संपतो तेथे मर्यादामुद्रा उमटविण्याचा शिरस्ता होता, तो एवढ्याचसाठी की मागाहून कोणी पदरची ओळ घुसडू नये. ई-मेलचा जन्म मात्र संशोधकांच्या आणि विद्यापीठांच्या तुलनेने लहान वर्तुळात झाला, जेथे परस्परांविषयी अविश्वास बाळगण्याचे फारसे कारण कोणाला नव्हते. जॉन पोस्टेल यांनी 1982 साली मेलच्या दळणवळणाचे जे नियम लिहून प्रसिद्ध केले, आणि ज्यांच्या पायावर आजही जगातील मेलची ने-आण चालते, त्यांत पाठविणाऱ्याने आपले म्हणून जे नाव लिहिले ते खरोखर त्याचेच आहे काय, हे पाहण्याची तरतूद नव्हती. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन व्यवस्था आल्या: पहिलीत आपल्या नावे मेल पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे याची यादी जाहीर केली जाते, दुसरीत प्रत्येक पत्रावर पाठविणाऱ्या सर्व्हरची गणिती सही उमटते, आणि या कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचे काय करावे याची सूचना तिसरी देते. या तिन्ही आम्ही आमच्या संस्थेत यथाकाल अमलात आणल्या, आणि संस्थेच्याच नावाने बाहेरून येणारी खोटी पत्रे त्यामुळे पुष्कळशी थांबली. परंतु जो भामटा आपल्या नावासारखे दिसणारे निराळेच नाव रीतसर विकत घेतो, किंवा दुसऱ्या एखाद्या कार्यालयाचा खराखुरा मेलबॉक्स ताब्यात घेऊन तेथून लिहितो, त्याची पत्रे या सर्व कसोट्यांतून सहीसलामत बाहेर पडतात.

लिंकचा पत्ता कसा वाचावा, हे मी कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहून सांगत असे. आरंभीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जो मजकूर असतो, त्यातील पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग तेवढा महत्त्वाचा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावयाचा, कारण घराचा खरा मालक कोण हे त्या भागाच्या उजव्या टोकाला लिहिलेले असते. आपली नजर मात्र डावीकडून चालते, आणि भामट्यांना हे पुरते ठाऊक असल्यामुळे ते आपल्या संस्थेचे नाव अगदी आरंभी घालतात, मग टिंब, मग 'मेल' किंवा 'लॉगिन' असा एखादा ओळखीचा शब्द, आणि सर्वांच्या शेवटी कोणा तिऱ्हाइताचे डोमेन. काही पत्त्यांत रोमन 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे चिकटून बसविलेली असतात, तर काहींत रोमन 'ए'च्या जागी रशियन लिपीतील त्याच रूपाचे अक्षर असते, जे डोळ्याला मुळीच ओळखू येत नाही आणि संगणकाच्या दृष्टीने मात्र सर्वस्वी भिन्न असते. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरही लोक फार विसंबून असत; ते कुलूप एवढेच सांगते की तुमचे आणि समोरच्याचे संभाषण वाटेत कोणी वाचू शकणार नाही, समोरचा प्रामाणिक आहे असे ते सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने 2025 साली देशातील बँकांना ऑक्टोबरअखेरपर्यंत 'बँक डॉट इन' या केवळ बँकांसाठी राखून ठेवलेल्या डोमेनवर स्थलांतर करण्यास सांगितले, ते मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. पत्त्याचे उजवे टोक एकदा राखीव झाले म्हणजे सामान्य माणसाला निदान एक खूण तरी हाती लागते.

हे सारे शिकवूनही काय घडते, ते सांगण्यासाठी एका मार्चअखेरची हकीकत सांगितली पाहिजे.

मार्चअखेर म्हणजे लेखा विभागात काय असते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. अनुदानाची रक्कम 31 तारखेच्या आत खर्ची पडली नाही तर परत जाते, म्हणून प्रयोगशाळांची बिले, दुरुस्तीची देयके, उपयोगिता प्रमाणपत्रे, सगळे एकाच वेळी लेखापालांच्या टेबलावर येऊन पडते, आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. अशा दिवसांत आमच्या लेखापाल बाईंना एक मेल आला. त्या नोकरीत मुरलेल्या, हिशेबाला चोख आणि स्वभावाने अबोल होत्या. मेलमध्ये म्हटले होते, की आपल्या मेलबॉक्सची मर्यादा संपल्यामुळे आपल्याकडे आलेली काही पत्रे सर्व्हरवर अडकून पडली आहेत, व ती चोवीस तासांत सोडवून न घेतल्यास कायमची नष्ट होतील. खाली अडकलेल्या पत्रांचे विषयही छापले होते, आणि त्यांत एका ठिकाणी 'देयक', एका ठिकाणी 'तातडीचे', एका ठिकाणी 'लेखापरीक्षण' असे शब्द होते. त्या आठवड्यात पत्र हरवणे म्हणजे बिल हरवणे, आणि बिल हरवणे म्हणजे अनुदान परत जाणे. बाईंनी लिंकवर क्लिक केले.

ते पान मी पुढे स्वतंत्र संगणकावर उघडून बारकाईने पाहिले. पानावर संस्थेचे बोधचिन्ह होते, आणि खाली बाईंचा मेलचा पत्ता आधीच भरलेला होता. फक्त पासवर्डची चौकट रिकामी. हे कसे साधते, त्याची युक्ती अशी की लिंकच्या शेपटीला ज्याला पत्र पाठवावयाचे त्याचा पत्ता चिकटविलेला असतो, आणि पान उघडताच तो पत्ता वाचून ज्या त्या संस्थेचे चिन्ह इंटरनेटवरून आपोआप ओढून आणले जाते, त्यामुळे एकच पान हजार संस्थांच्या कर्मचाऱ्यांना आपापल्या घरचे वाटते. बाईंनी पासवर्ड घातला; पानाने तो चुकीचा असल्याचे सांगून पुन्हा मागितला, कारण घाईत झालेली टंकनाची चूक दुसऱ्या वेळी सुधारली जाते व भामट्याच्या हाती निश्चित खरा शब्द पडतो. दुसऱ्यांदा तो दिल्यावर त्या थेट आमच्या खऱ्या मेलच्या प्रवेशद्वाराशी आणून सोडल्या गेल्या. तेथे पुन्हा पासवर्ड मागितला गेला, त्यांनी तो दिला, मेलबॉक्स उघडला आणि तो मुळीच भरलेला नव्हता.

त्या क्षणी बाईंना संशय आला, हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितले. तो संशय त्यांनी तेव्हाच फोन उचलून आम्हांला कळविला असता, तर पासवर्ड बदलून आणि चालू असलेली सर्व सत्रे बंद करून हे प्रकरण आम्ही थोड्या वेळात मिटविले असते. त्यांनी कळविले नाही, आणि त्यानंतर सुमारे तीन आठवडे एक तिऱ्हाईत मनुष्य आमच्या लेखा विभागाचे टपाल रोज वाचीत होता.

या तीन आठवड्यांत त्याने जे केले त्यात कसलीही घाई नव्हती. मेलबॉक्सच्या मांडणीत एक नियम बसविता येतो, की अमुक शब्द असलेले पत्र आले तर ते अमुक ठिकाणी हलवावे. त्याने असे दोन नियम बसविले होते. बिल, देयक, बँक, इन्व्हॉइस असे शब्द असलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर जात होती, आणि एका विशिष्ट पुरवठादाराकडून येणारी पत्रे थेट 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये, वाचल्याची खूण होऊन, जाऊन पडत होती. तो फोल्डर मेलच्या कार्यक्रमात जन्मजात असतो व तो कोणी कधी उघडीत नाही. अशा रीतीने त्या पुरवठादाराची खरी पत्रे बाईंच्या दृष्टीआड झाल्यावर, त्यांच्याच नावाने, त्यांच्या चालू पत्रव्यवहाराच्या धाग्यात, मागील सर्व मजकूर खाली तसाच ठेवून, एक नवे पत्र आले: आमच्या नेहमीच्या बँक खात्याचे लेखापरीक्षण चालू असल्यामुळे प्रयोगशाळेच्या उपकरणांची रक्कम कृपया पुढील खात्यात जमा करावी, रद्द केलेला धनादेश सोबत जोडला आहे.

हे पत्र फसले ते एका कनिष्ठ लिपिकामुळे. खाते बदलल्याची नोंद करण्यापूर्वी त्याने खरेदीच्या जुन्या नस्तीतून पुरवठादाराचा दूरध्वनी क्रमांक शोधून काढला आणि फोन केला; मेलच्या तळाशी छापलेल्या क्रमांकावर केला नाही. त्याला कोणी तसे शिकविले होते असे नाही. त्याच्या वडिलांचे किराणा दुकान होते, आणि उधारीची वसुली नव्या माणसाच्या हाती देण्यापूर्वी घरी निरोप पाठवून खात्री करून घ्यावी, ही त्यांची रीत होती, असे त्याने मला सांगितले. पुरवठादार फोनवर म्हणाले, "अहो, आमचं खातं गेली कित्येक वर्षं एकच आहे, आणि मीच तुम्हांला रकमेबद्दल लिहून लिहून थकलो, तुमच्याकडून उत्तरच येत नाही." तेथून सगळे उलगडत गेले. सर्व्हरच्या नोंदीत बाईंच्या नावाने परदेशातून झालेले प्रवेश सापडले, दोन्ही नियम सापडले, आणि त्या फोल्डरमध्ये पुरवठादाराची तगाद्याची पत्रे ओळीने पडलेली आढळली.

चौकशीच्या दिवशी बाई माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. तो संस्थेचेच एक जुने परिपत्रक होते. संगणक सुरक्षेच्या सूचना देऊन झाल्यावर त्याच्या शेवटी एक वाक्य होते: जो कर्मचारी आपला पासवर्ड अन्य व्यक्तीस उघड करील तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र राहील. बाई म्हणाल्या, "सर, मी हे त्याच संध्याकाळी काढून वाचलं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत. वाटलं, काही झालं नसेल. आणि झालं असलं तर दिसेलच." त्यांच्या बोलण्यात स्वतःला वाचविण्याचा प्रयत्न नव्हता. ज्या बाईंनी उभ्या नोकरीत एका रुपयाची तफावत मिळेपर्यंत घरी जाणे नाकारले, त्यांनी तीन आठवडे हे ओझे एकटीने वाहिले, आणि त्या काळात त्यांना नीट झोप नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते.

त्या परिपत्रकाचे आजवर कोणाला भय वाटले असेल, तर ते नेमके ज्याने वेळेवर बोलावयास हवे त्यालाच. भामट्याला ते लागू नाही. निष्काळजी मनुष्य ते वाचीत नाही. ते लागू होते फसल्याचे ज्याच्या ध्यानात आले आहे त्या प्रामाणिक माणसाला, आणि त्याला ते एकच गोष्ट सांगते, की गप्प राहा. पासवर्डची चोरी ही अशी चोरी आहे की तिची बातमी पहिल्या तासात मिळाली तर नुकसान बहुधा नगण्य असते, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस चोराच्या पदरी पडतो. फसवणुकीने पैसे गेल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे असे सरकार सांगते, ते याचसाठी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात व दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्यापूर्वी जेथे असेल तेथे गोठविता येते. रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक मी त्या दिवसांत पुन्हा काढून वाचले. ग्राहकाने स्वतः आपली गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झाले तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे, असा त्याचा आशय आहे. ग्राहकाची चूक तेथे नाकारलेली नाही, तरीही कळविणे ही गोष्ट त्याच्या हिताची ठरेल अशी तजवीज त्यात केली आहे. आमच्या संस्थेच्या परिपत्रकात कळविणे हीच गोष्ट अहिताची ठरत होती.

पुण्यातील एका वाहन-सुट्याभागांच्या कारखानदाराचे प्रकरण या संदर्भात मला नेहमी आठवते. त्यांनी एका खोट्या मेलला उत्तर दिले, आणि त्यांच्या बँक खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये निरनिराळ्या खात्यांत वळते झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये अशा तक्रारींचा निवाडा करण्याचा अधिकार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना आहे. 2013 साली महाराष्ट्राच्या सचिवांनी या प्रकरणी बँकेने तक्रारदाराला 45 लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. मेलला उत्तर देण्यात तक्रारदाराची चूक झाली, म्हणून तोट्याचा काही भाग त्यांनी सोसावा. परंतु चोरीचा पैसा ज्या खात्यांत गेला ती खाती उघडताना पुरेशी तपासणी झाली नाही, हा बँकेचा दोष, असा तो न्याय होता. मला या निवाड्यात मोठा विवेक दिसतो. फसवणूक एका माणसाच्या एका क्लिकने पुरी होत नाही. त्या क्लिकच्या मागे-पुढे ज्यांनी ज्यांनी दार उघडे ठेवलेले असते, त्यांचाही हिस्सा मोजला पाहिजे.

मी संस्थेच्या सचिवांकडे टिपणी सादर केली, की परिपत्रकातील ते वाक्य वगळावे, आणि त्या जागी पासवर्ड दिला गेल्यास तासाभरात संगणक विभागास कळविणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या कारणासाठी कोणतीही कारवाई होणार नाही, असे वाक्य घालावे. नस्ती फिरत राहिली. आस्थापना शाखेने शेरा मारला, की यामुळे बेफिकिरीस उत्तेजन मिळेल. विधी सल्लागारांनी लिहिले, की संस्थेचा शिस्तभंगाचा अधिकार आगाऊ सोडून देणे इष्ट नाही. सचिवसाहेबांनी मला बोलावून विचारले, "उद्या दहा जण फसले आणि दहाही जण माफ, असं चालेल का?" मी म्हणालो, "साहेब, दहा जण फसतातच. आज ते आपल्याला कळत नाही, एवढाच फरक आहे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी टिपणीवर स्वतःच्या हाताने एक दुरुस्ती केली, 'तासाभरात' हा शब्द खोडून तेथे 'लक्षात येताच' असे लिहिले, आणि सही केली. ही दुरुस्ती माझ्या मूळ मसुद्यापेक्षा कितीतरी चांगली होती, कारण ज्याला दोन दिवसांनी उमगते त्याचेही तोंड तिने बंद केले नाही.

सुधारित परिपत्रक निघाल्यानंतर आमच्या विभागात फोन येऊ लागले. बरेचसे निष्कारण असत, एखाद्या प्रकाशकाच्या खऱ्याच पत्रकाविषयी कोणी घाबरून विचारी. परंतु एक सहायक प्राध्यापक वर्गावर जाता जाता दारातून डोकावून "माझं आत्ताच झालं बहुतेक" असे सांगून गेले, आणि त्यांचा तास संपण्यापूर्वी त्यांचे खाते आम्ही सुरक्षित करून ठेवले होते.

मदतकक्षात बसणाऱ्याची जबाबदारी मोठी असते, ती या फोनवर आपण काय उत्तर देतो यामुळे. 19 मार्च 2016 रोजी अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक मोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने एक मेल आला, की युक्रेनमधून कोणी तुमच्या पासवर्डने प्रवेश करण्याचा प्रयत्न केला आहे, तो तत्काळ बदला. त्यांच्या कार्यालयाने विचारणा केली, हे अगदी रीतीप्रमाणे झाले. तंत्रविभागातील साहाय्यकाने उत्तरात पासवर्ड बदलण्यासाठी गूगलचा खरा पत्ता दिला, दुहेरी पडताळणी चालू करण्यासही सांगितले. पण तो मेल खोटा आहे असे लिहावयाचे असता नकार सुटून तो खरा असल्याचे लिहिले गेले, असे त्याने पुढे सांगितले. मूळ मेल आणि त्यातील घातक लिंक जागच्या जागी होती, आणि क्लिक तिच्यावरच झाले. रशियाच्या लष्करी गुप्तचरांनी हा मेलबॉक्स उचलला असा अमेरिकेचा 2018 च्या आरोपपत्रातील आरोप आहे, आणि 7 ऑक्टोबर 2016 पासून ती पत्रे जगासमोर येऊ लागली. या घटनेची चर्चा करताना लोक त्या एका चुकलेल्या शब्दापाशी थांबतात. माझ्या मते, संशयास्पद पत्राविषयी विचारणा आली की उत्तर लिहिण्यापूर्वी ते पत्र विचारणाऱ्याच्या मेलबॉक्समधून सर्व्हरवरूनच काढून घ्यावे, हा धडा अधिक उपयोगाचा आहे. सल्ला कितीही अचूक असला तरी विषाची बाटली सल्ल्याशेजारी ठेवून जाऊ नये. आमच्या विभागात हाच नियम आम्ही पाळीत असू.

कर्मचाऱ्यांची परीक्षा घेण्यासाठी संस्थेनेच खोटे फसवे मेल पाठवावेत, अशी एक पद्धत आता सर्वत्र पसरली आहे. तिच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. 2020 च्या डिसेंबरात, महासाथीच्या हलाखीच्या दिवसांत, अमेरिकेतील गोडॅडी या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना सणानिमित्त 650 डॉलरांचा बोनस मिळणार असल्याचा मेल पाठविला. ज्यांनी माहिती भरली त्यांना कळले, की बोनस नव्हता, परीक्षा होती आणि ते तीत नापास झाले आहेत. कंपनीला पुढे माफी मागावी लागली. अशा परीक्षेने माणूस शिकतो ते एवढेच, की आपल्या मालकाच्या पत्रावरही विश्वास ठेवू नये आणि संगणक विभाग हा आपला प्रतिपक्ष आहे. ज्या विभागाला त्याने संकटात पहिला फोन करावा अशी आपली अपेक्षा असते, त्याच विभागाविषयी त्याच्या मनात आकस निर्माण होतो.

त्यापेक्षा माणसाच्या नजरेवरचा भार कमी करणारी साधने घेण्यात पैसा खर्च व्हावा. मोबाइलवर येणारा ओटीपी उपयुक्त आहे खरा, पण आताच्या भामट्यांची पाने मधल्या दलालासारखी काम करतात: तुम्ही भरलेला पासवर्ड आणि ओटीपी तत्क्षणी खऱ्या सर्व्हरला पोहोचवितात, आणि उघडलेले सत्र स्वतःकडे ठेवून घेतात. किल्लीच्या आकाराचे जे छोटे सुरक्षा-उपकरण संगणकाला जोडता येते, त्याची गोष्ट निराळी आहे. ते आपली गणिती सही देताना समोरच्या डोमेनचे नाव त्या सहीत गुंतविते, म्हणून एका अक्षराने निराळ्या असलेल्या खोट्या डोमेनवर त्याची सही चालतच नाही; माणसाची नजर फसली तरी किल्ली फसत नाही. गूगलने 2017 च्या आरंभापासून आपल्या 85 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या वापरावयास लावल्या, आणि त्यानंतर कामाच्या खात्यांवर फसव्या मेलने ताबा मिळविल्याचे एकही प्रकरण आढळले नाही, असे त्या कंपनीने 2018 मध्ये सांगितले. आमच्या संस्थेला सर्वांसाठी त्या घेणे परवडणारे नव्हते. लेखा, परीक्षा आणि आस्थापना या तीन शाखांपुरत्या घेतल्या, आणि पहिली किल्ली त्या लेखापाल बाईंच्या हाती दिली.

भाषेवरून ओळखण्याचे दिवसही आता गेले. पूर्वीच्या खोट्या पत्रांचे इंग्रजी इतके अशुद्ध असे की व्याकरण पाहूनच पुष्कळांची सुटका होई, आणि मराठीत लिहिण्याचा खटाटोप तर क्वचितच कोणी करी. अलीकडे जी पत्रे येऊ लागली आहेत ती शुद्ध, सफाईदार मराठीत असतात, विषय-संदर्भ यांच्या ओळींसह, अगदी मंत्रालयातून निघाल्यासारखी. म्हणून शुद्धलेखनाच्या चुका पाहा, हा उपदेश मी वर्गातून काढून टाकला, आणि लेखा विभागाच्या कार्यपद्धतीत एकच कलम पक्के करून घेतले: बँक खात्याचा कोणताही बदल मेलवरून स्वीकारावयाचा नाही, जुन्या नस्तीतील क्रमांकावर फोन करावयाचा, आणि रक्कम मोठी असेल तर पुरवठादाराने पासबुक घेऊन समक्ष यावयाचे.

या कलमाचा पुरवठादारांना त्रास होतो. सांगलीकडचे एक वयस्कर काचसामान विक्रेते, ज्यांनी बँक खरोखरच बदलली होती, दीडशे रुपयांचे रिक्षाभाडे सांगत भर उन्हात कार्यालयात आले आणि इतक्या वर्षांच्या व्यवहारानंतर आमच्यावर अविश्वास का, असे त्यांनी सर्वांसमक्ष विचारले. लेखापाल बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि आपल्या स्वतःच्या मेलबॉक्समध्ये काय घडले होते ते त्यांना आरंभापासून शेवटपर्यंत, काहीही न वगळता सांगितले. ते ऐकून घेतल्यावर त्या गृहस्थांनी पासबुक टेबलावर ठेवले आणि आपल्या मुलालाही हा मेलचा प्रकार समजावून सांगाल काय, असे विचारून त्याचा क्रमांक बाईंना लिहून दिला.